कडेपर्यंत लावलेलं लोणी

नेहमीचं सँडविचचं दुकान त्या दुपारी बंद निघालं, तशी ती लगेच परत फिरली.

"चल, कोपऱ्यावर आणखी एक आहे," तो म्हणाला.

तो इमारतींचा तपासनीस. भिंतीवर टिचक्या मारून दोष काढणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. महिनाभर जेवणाच्या सुट्टीत दोघं एकत्र सँडविच खात होती आणि प्रत्येक सँडविच भिंतीसारखंच तपासून तो दहापैकी गुण द्यायचा.

कोपऱ्यावरच्या दुकानात सँडविच करायचे ते तिचे बाबा. त्याला मात्र तिने सांगून ठेवलं होतं, की बाबा 'खाद्यपदार्थांच्या व्यवसायात' आहेत. ती नको म्हणेपर्यंत तो आत शिरलाही होता...

त्याने वरचा पाव उचलून आत डोकावलं. "काकडी ताजी. चीज – बेताचं. लोणी बघ, पार कडेपर्यंत लावलंय. एवढं कोण करतं हल्ली? पण कापलंय कसं वाकडंतिकडं. कारागीर डुलक्या घेत होता वाटतं."

बाबांचा उजवा हात वर्षभर थरथरत होता. हे माहीत असून ती हसली. ती हसली की तो तिच्याकडे जरा जास्त वेळ बघायचा, म्हणून हसली.

"मग किती गुण?"

"सहा. समोर तू आहेस, म्हणून सात."

"लाच घेतोस?"

"तू दे तर खरी..."

तेवढ्यात टेबल पुसायला बाबाच आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. चेहरा उजळला त्यांचा. ते काही बोलणार, एवढ्यात ती घाईघाईने म्हणाली, "काका, जरा पाणी देता?"

फडकं जागच्या जागी थांबलं.

"देतो की, ताई," बाबा म्हणाले.

दोन्ही हातांनी धरून त्यांनी एकेक ग्लास आणून ठेवला आणि आत गेले.

रात्री जेवताना त्यांनी तो विषय काढला नाही. फक्त म्हणाले, "मुलगा पानात टाकत नाही काही. चांगलंय." तिने मान वर केली नाही. सकाळी बोलू, असं ठरवून ती झोपली. सकाळी बाबा उठलेच नाहीत.

पंधरवड्याने ती कामावर आली. दुपारी बाकावर त्याने डबा पुढे केला. स्वतः केलेलं सँडविच होतं, जाडंभरडं.

"गुण नाही द्यायचे?" तिने विचारलं.

"आज नाही. खा." त्याने रुमालाला हात पुसले. "तुझ्या घरी यायचंय मला. आईंना भेटायला. म्हणजे... कळलं ना कशाला ते?"

तिला कळलं. इतके दिवस ती ज्याची वाट बघत होती, तेच तर होतं हे.

"बाबांना एकदा तरी बघायला हवं होतं," तो म्हणाला. "चुटपुट लागून राहिलीय."

अजूनही गप्प बसता आलं असतं. घरात बाबांचा फोटो अजून लावलेला नव्हता.

"पाहिलंयस तू त्यांना," ती म्हणाली. "कोपऱ्यावरच्या दुकानात. पाणी आणून दिलं ना आपल्याला... मी काका म्हटलं त्यांना. ते माझे बाबा होते. आणि मला – मला त्यांची लाज वाटली."