बोनेटवरची वर्तुळं

दोन बादल्या. फोमच्या तीन चकत्या. मायक्रोफायबरचे सहा रुमाल. ओरखडे काढायच्या पॉलिशची एक बाटली, चकाकी आणायच्या पॉलिशची दुसरी. निळ्या टेपचं रीळ, एक टॉर्च, आणि गॅरेजवाल्या गौतमकडून चार दिवसांच्या बोलीवर आणलेला, रंगाची जाडी मोजायचा मीटर. आकांक्षाने सगळं चाळीच्या पायरीवर ओळीने मांडलं आणि पुन्हा एकदा मोजलं. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाल्यापासून ती घरात डाळही तोलून भिजवते, असं तिची आई सगळ्यांना सांगायची.

"काय गो चेडवा, गाडयेक उटणा लावतंस?" तळमजल्यावरच्या दगडूकाकांनी खिडकीतून विचारलं. दिवाळी तोंडावर आली होती.

"हो काका. उरलं तर तुम्हालाही लावते."

"माका नको. माझो रंग पक्को आसा."

किरमिजी रंगाची ती जुनी मारुती डिलाईल रोडवरच्या त्या चाळीच्या अंगणात, पाण्याच्या टाकीला लागून, नेहमीच्या जागी उभी होती. कुशाबांनी, म्हणजे आकांक्षाच्या बाबांनी, जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि निवृत्त झाल्यावर ही स्वतःची घेतली. रोज सकाळी ते फडकं दोनदा झटकायचे, फट फट, आणि बोनेटवर गोल गोल हात फिरवायचे. गाडी चालायची महिन्यातून एकदा. पुसली जायची रोज.

आषाढात त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू शाबूत राहिली, बोलणं एकेका शब्दावर आलं आणि उजवा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा झाला. व्यायाम करून घ्यायला अपूर्वा नावाची फिजिओथेरपिस्ट दर सोमवारी यायची. ती त्यांच्या मुठीत पकड मोजायचं यंत्र द्यायची. उजव्या हाताचा आकडा कधी हललाच नव्हता.

"दिवाळीपर्यंत हात आला तर गाडी राहील," आईने, मालनने, ठरवून टाकलं होतं. "नाहीतर निलेश कणकवलीला घेऊन जाऊ दे. उभ्या उभ्या गंजायला ती काय पुतळा आहे?" निलेश आकांक्षाचा चुलतभाऊ. तो बोलावलं की येणार होता. गाडी द्यायची तर न्हाऊमाखू घालून द्यायची, एवढंच आकांक्षाच्या हातात होतं.

गाडी धुऊन, कोरडी करून तिने टॉर्च लावला. बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं चमकली. हे अपेक्षितच होतं. फडक्यातली धूळ रंगावर केसासारखे ओरखडे पाडते. ते असतात वाटेल त्या दिशेने, पण उजेडाच्या प्रतिबिंबाभोवती वळलेले तेवढे चमकतात, म्हणून डोळ्यांना वर्तुळं दिसतात. टॉर्च हलवला की वर्तुळंही हलतात.

तिने टॉर्च डावीकडे नेला. वर्तुळं जागची हलली नाहीत.

उजवीकडे नेला. खाली धरला, वर धरला. वर्तुळांचा मध्य बोनेटच्या मधोमध, होता तिथेच होता.

बाबांचा हात रोज एकाच जागी फिरला असेल, तिने स्वतःला समजावलं. सवयीचा माणूस. असू शकतं.

बोनेटच्या मधोमध उभा टेप लावून तिने दोन भाग केले. एक घासायचा, दुसरा तुलनेला ठेवायचा. ड्रायव्हरच्या बाजूला मीटर टेकवला: एकशे अठरा मायक्रॉन. चकतीवर पॉलिशचे चार थेंब घेतले आणि हात फिरवायला सुरुवात केली. पहिलीच वेळ, कुठे किती घासावं कळेना. एक ओरखडा जाईना म्हणून तिने चकतीवर अंगाचा भार टाकला, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. वरून आईचा.

"अगं, बाबा म्हणतायत, जोर नको."

"खिडकीतून बघतायत का?"

"कसले बघतायत! पडदा ओढलाय. पेज भरवतेय मी त्यांना."

आकांक्षाने भार काढून घेतला. तासाभराने ती अर्धी बाजू काचेसारखी झाली. मीटर एकशे सोळा दाखवत होता, टॉर्चखाली एकही रेघ नव्हती. संध्याकाळी आईने आणि तिने मिळून बाबांना गॅलरीत खुर्चीवर बसवलं. त्यांनी खाली पाहिलं. चेहऱ्याची डावी बाजू हसली.

"गोल," ते म्हणाले.

"गोल घासलं बाबा. तुमच्यासारखंच. फक्त माझं फडकं स्वच्छ होतं."

ते पुन्हा अर्धे हसले. तिने गाडीला कव्हर घातलं, खालून दोरी ओढून स्वतःची दुहेरी गाठ मारली.

सकाळी गाठ तशीच होती. तिने कव्हर काढलं. घासलेल्या बाजूवर वर्तुळं होती. टेपच्या अलीकडची रेघ न् रेघ पलीकडच्या जुन्या रेघेला जाऊन मिळत होती.

दगडूकाका दात घासत बाहेर आले. "बरा वाटला गो. पाणी भरूक उठलंय, तेव्हा फडक्याचो आवाज इलो. फट फट. म्हटलंय, कुशाबाचो हात इलो."

ती वर गेली. आई चहा गाळत होती. सगळं ऐकून तिने गाळणी खाली ठेवली.

"काल तू घासत होतीस ना, तेव्हा यांचा हात हलत होता. उजवा. गोल गोल. मी बोलले नाही. म्हटलं, तू हसशील."

आकांक्षा हसली नाही. "आई, मी खाली जाते. फोन चालू ठेव. पडदा उघडू नकोस. फक्त हात काय करतोय ते सांगत राहा. मी काय करतेय ते मी सांगणार नाही."

कानात इअरफोन घालून तिने पॉलिश घेतलं, घासायला लागली.

"फिरतोय," आई म्हणाली.

ती थांबली.

"थांबला."

बराच वेळ ती नुसती उभी राहिली. आई गप्प. मग तिने चकती पुन्हा टेकवली, या वेळी उलट्या दिशेने.

"फिरतोय. अय्या, उलटा फिरवतायत! अगं, उलटा!" आई हसत होती की रडत होती कळेना. मागून बाबांचा घोगरा आवाज आला, तोही हसण्याचाच असावा. आकांक्षाने आणखी चारपाच वेळा तेच करून पाहिलं. आई एकदाही चुकली नाही.

तिने कॉल बंद केला. डोळे बाहीला पुसले आणि टाकीला टेकून निलेशला फोन लावला.

"दादा, येऊ नकोस. गाडी नाही देत आम्ही. हात येतोय बाबांचा."

"काय सांगतेस! मोजलास का पण? तू तर डाळ पण मोजतेस."

"उद्या अपूर्वा येतेय. उद्या मोजणार."

फट फट.

तिने मान वळवली. बोनेटवरचं पॉलिश वाळून पांढरं झालं होतं. त्या पांढऱ्यात मधोमध वाटीएवढी किरमिजी जागा स्वच्छ झाली होती.

बघता बघता ती ताटलीएवढी झाली.

"हॅलो? अगं, बोल ना."

पांढऱ्यातून पुसल्याची रेघ एका बाजूने जाई, वळे, पुन्हा येई. घाई नव्हती. अजिबात जोर नव्हता.

वरून, ओढलेल्या पडद्याआडून, आई हाका मारत होती. "आकांक्षा! तू अजून घासतेयस का गं? यांचा हात थांबतच नाहीये!"

आकांक्षाने आपल्या हातांकडे पाहिलं. एका हातात फोन होता. दुसरा रिकामा होता.

"हो," ती ओरडली. "घासतेय!"

सगळं पांढरं निघून जाईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग वर जाऊन तिने बाबांचं जुनं फडकं साबणाने धुतलं, वाळवलं, घडी करून बोनेटवर ठेवलं आणि त्यावरून कव्हर घातलं.

सोमवारी अपूर्वा आली. बाबांचा उजवा तळवा तिने आपल्या हातात घेऊन उघडला.

"काका, हे पांढरं काय भरलंय नखांत?"

"पावडर असेल," आई म्हणाली आणि आकांक्षाकडे पाहू लागली. तिने देवाजवळ दिवा आधीच लावून ठेवला होता.

अपूर्वाने रुमालाने नखं पुसली. आधी डाव्या मुठीत यंत्र दिलं, मग उजव्या. "दाबा काका. सगळा जोर लावा."

बाबांनी डोळे मिटले. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, मानेची शीर फुगली. खाली अंगणात कुणीतरी फडकं दोनदा झटकलं.

अपूर्वाने यंत्र उजेडाकडे धरून वाचलं. डावा हात, एकवीस किलो. उजवा हात, शून्य.