अर्धा अंश

भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा; त्याला सगळे तेच म्हणत. इमारतींचे फोटो काढणं हा त्याचा धंदा, आणि काही वाकडं दिसलं की त्याला चैन पडत नसे. खालून फोटो काढला की भिंती वर जाताना आत झुकतात. कॉम्प्युटरवर वरचे कोपरे ओढून त्यांना ताठ उभं करण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. बायको म्हणायची, "जगाला सरळ करा, फक्त माझ्या वाटेला जाऊ नका."

घर विकायचं ठरलं, तेव्हा जाहिरातीसाठी त्याने स्वतःच्याच घराचा फोटो काढला. वरच्या कोपऱ्यातल्या खिडकीत बायको हौसेने हसत उभी राहिली. त्याने भिंती सरळ केल्या आणि चहा प्यायला उठला.

स्वयंपाकघराचं दार अलगद लागलं. लग्नापासून ते घासत होतं, सुतारानेही त्यापुढे हात टेकले होते.

तेवढ्यात बायको आली. स्वेटरच्या बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर.

"अहो, हा आटला की मी वाढले?" तिने वरच्या फळीवरचा डबा स्टुलाशिवाय काढला आणि खूश झाली. "सासूबाईंपेक्षा उंच झाले बघा!"

त्याच्या मनात पाल चुकचुकली. पण फोटोतली डावी भिंत अजून अर्धा अंश कललेली होती.

"राहू द्या की तेवढं," वर खोलीत जाता जाता ती म्हणाली. "घर आहे, फूटपट्टी नाही."

राहू देईल तर तो ओळंबा कसला? त्याने कोपरा आणखी ओढला. ओढल्यावर कडा तिरक्या होतात, त्या छाटाव्या लागतात. सवयीने त्याने छाटल्या. वरचा कोपरा खिडकीसकट गेला.

"अहो!" वरून हाक आली. "दार कुठे गेलं?"

तो जिन्यावर धावला. खोलीच्या दाराच्या जागी कोरी भिंत होती. अगदी सरळ.

"घाबरू नकोस!" तो ओरडला.

"मी कशाला घाबरू? आधी होतं तसं करा."

खाली येऊन त्याने कॉम्प्युटरवर मूळ फोटो परत आणला. भिंती पुन्हा झुकल्या. वाकडं बघून त्याला जन्मात पहिल्यांदाच आनंद झाला. तो वर पळाला. दार होतं. त्याने ते धाडकन उघडलं.

खोलीत कुणी नव्हतं.

"अगं?"

तो खाली आला. फोटोतल्या खिडकीत बायको होती.

मघाशी ती कॅमेऱ्याकडे बघत होती. आता तिची पाठ होती. मागे कुणीतरी धाडकन दार उघडल्यासारखी ती वळली होती.