लंकाबाईचा हंडा

तुम्ही पोरं कोकणात निघालात, चांगलं आहे. तो समुद्राकाठचा होमस्टे, ते माड, तो झोपाळा, सगळे फोटो मला दुपारपासून दाखवून झालेत. जा की. मी कशाला आडवा येऊ? फक्त आज अमावस्या आहे, तेव्हा घर बघायचा तो व्हिडिओ कॉल उद्या करा. हसू नका. आपल्या मिरजगावच्या स्टँडसमोर हनुमंताचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे ना, त्यानं असाच अमावस्येच्या रात्री कॉल केला होता. माझा जुना शेजारी तो. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, पुन्हा विषय काढू दिला नाही.

गेल्या वर्षीची चैत्र अमावस्या, रविवार. दिवस मावळायला हनुमंत पाण्याचे दोन जार आणायला निघाला. मंगळवारी पहाटे कोकणात जायचं होतं, जार निघताना भरून घ्यायचे होते. आता समुद्राला निघालेला माणूस घरून पाणी नेतो, ही अक्कल आपल्याच भागातली. होमस्टेच्या मालकानं फोनवर दहादा सांगितलं होतं, विहीर तुडुंब आहे, काही आणू नका. पण टँकरच्या मागं पळण्यात ज्याची हयात गेली त्याचा असल्या बोलण्यावर विश्वास बसतो होय? जार आणून त्यानं गाडीत मागच्या सीटवर ठेवून पाहिले. दोन्ही पोरांच्या मधे अगदी बेतानं बसले. पाचवी जागा भरली.

ती जागा खरं तर त्याच्या आईची होती.

लंकाबाई. ऊसतोडीत जन्म गेला बाईचा. कोपरगावच्या बाजूला दर साल टोळीबरोबर जायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर उसाची मोळी. तिची एक रीत होती. कुठंही तळ पडला की आधी हंडा भरून आणायचा, मग बाकीचं बिऱ्हाड उतरवायचं. हंडा भरला म्हणजे आपण पोचलो, असं म्हणायची. आणि रिकामा हंडा घरात ठेवून ती कधी उंबरा ओलांडायची नाही. पुढं गुडघे गेले. दोन वर्षं झाली, कुणी धरल्याशिवाय तिला खाटेवरून उतरता येत नव्हतं.

पण कोकणाचं तिनं ऐकलं होतं. तिला कुणी 'चल' म्हटलं नव्हतं, तरी सून पंकजाकडून ट्रंक काढून घेऊन तिनं हिरवं लुगडं उशाशी ठेवलं होतं. हनुमंत ते चार दिवस बघत होता आणि गप्प राहत होता. घाटाचा रस्ता, तिला उचलून न्यायचं, आणायचं, पोरांचा हिरमोड... मनात त्यानं सगळा हिशोब केला होता. बोलायची हिंमत तेवढी होत नव्हती. त्या संध्याकाळी एकदाचं बोलला. म्हणाला, तू जामखेडला मावशीकडं राहा, पुढच्या खेपेला तुला नक्की नेतो.

म्हातारी लुगड्याची घडी हातानं सारखी करत राहिली. मग म्हणाली, "तिकडं लई पानी हाय म्हनं. मग आपल्याकडं कुनी आनत का न्हाई?"

"खारट असतं आई ते. प्यायचं नसतं."

"तू चाखलंय व्हय?"

हनुमंतानं कुठलं चाखलेलं? तोही पहिल्यांदाच निघाला होता. तो हसला आणि उठला. लंकाबाईनं भिंतीकडं तोंड केलं. जेवायलाही उठली नाही.

पाण्याचे हाल होते. टँकर सकाळी येणार होता. पंकजानं उरलंसुरलं पाणी जेवणात संपवलं, हंडा धुतला आणि मोरीपाशी पालथा घातला. हे ध्यानात ठेवा. पालथा.

जेवणं झाल्यावर पोरांनी धोशा लावला, घर दाखवा, घर दाखवा. हनुमंतानं मालकाला व्हिडिओ कॉल लावला. माणूस मोठा हौशी. मोबाइल हातात धरून त्यानं खोल्या दाखवल्या, झोपाळा दाखवला, आंगण दाखवलं. मागं समुद्राची गाज ऐकू येत होती. आज अमावस्येचं उधाण आहे, पाणी पार कुंपणाच्या दगडी गडग्याला लागलंय, असं तो सांगत होता. मग सहज म्हणाला, "तुम्ही मंगळवारी येणार ना? मग आजींना एवढ्या लवकर कशाला पाठवलंत?"

हनुमंताला वाटलं, दुसऱ्या कुणाचं बुकिंग असेल. "कोण आजी?"

"तुमच्याच. दिवेलागणीपासून पायरीवर बसल्यात. आत या म्हटलं तर येत नाहीत. मी हनुमंताची आई, असं म्हणाल्या. पाणी कुठं भरायचं, एवढंच विचारतात."



मालकानं मोबाइल वळवला. आंगणातला दिवा... त्याच्यापुढं अंधार. पायरीवर एक बाई पाठमोरी बसलेली. हिरवं लुगडं. डोक्यावर चुंबळ.

पोरं म्हणाली, "पप्पा, आजी..."

पंकजानं पोराच्या तोंडावर हात ठेवला.

बाई उठली. कशाला न धरता उठली. कमरेवर हंडा घेतला... आणि गडग्याकडं चालू लागली. सरळ. ताठ. तरण्या बाईसारखी.

"आजी, तिकडं नको... उधाण आहे... आजी..." मालकाचा आवाज. मोबाइल हलला. नुसती गाज. मग तीही नाही. कॉल तुटला.

हनुमंत आतल्या खोलीच्या दारात गेला. आत जाववेना. खाटेवर गोधडी होती, डोक्यापर्यंत ओढलेली. खूप वेळ तो नुसता बघत राहिला. गोधडी हलते का... हलत नाही का... मग पुढं होऊन त्यानं ती बाजूला केली.

लंकाबाई झोपली होती. श्वास चालू होता. पायांच्या भेगा कोरड्या ठणठणीत. लुगडं उशाशी, घडीतच. हनुमंताच्या जिवात जीव आला आणि त्याला एकदम रडू फुटलं. तिच्या कानाशी वाकून तो म्हणाला, "आई, आपन सगळी जाऊ. जार काढून टाकतो. तू चल."

म्हातारीनं डोळे उघडले नाहीत. झोपेतच पुटपुटली, "आले... एवढा भरून आनते."

मालकाचा पुन्हा फोन आला. बॅटऱ्या घेऊन सगळा किनारा पाहिला, कुणी नाही, म्हणाला. हनुमंतानं त्याला सांगितलं, आई घरीच आहे. त्यावर पलीकडून फोन बंद झाला. हनुमंत गाडीपाशी गेला आणि अंधारात दोन्ही जार उतरवून ओट्यावर ठेवले.

उत्तररात्री त्याला जाग आली. स्वयंपाकघरात आवाज झाला होता. जड भांडं फरशीवर टेकावं तसा. मांजर असेल... त्यानं कूस बदलली.

सकाळी लंकाबाई गेलेली होती.

गल्ली जमायच्या आधी मुखात पाणी घालायचं म्हणून पंकजा रडत आत गेली, वाटी भरून घेऊन आली. हनुमंतानं आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी घातलं. ते ओठांच्या कडेनं खाली आलं. त्यानं बोटांनी पुसलं, त्याच हातानं स्वतःचं तोंड पुसलं. जिभेला खारट लागलं. डोळ्यांतलं असेल, असं त्याला वाटलं.

मग त्यानं वाटीकडं पाहिलं. वाटी तोंडाला लावली.

"पंकजा... हे पानी कुठलं?"

"हंड्यातलं," पंकजा म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिचा चेहरा पांढरा पडला.

दोघंही उठली नाहीत. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. तो आत्ता कुठं येत होता.

कोकणात ते गेले नाहीत. हंडा अजून त्या घरात आहे, मी डोळ्यांनी पाहिलाय. आत गळ्याशी एक पांढरी रेघ आहे, भरल्या पाण्याची असते तशी. पंकजानं चिंचेनं घासली, राखेनं घासली, जात नाही. रोज सकाळी ती हंडा भरते. पालथा मात्र तिनं पुन्हा कधी घातला नाही.