पांढऱ्या टॉवेलच्या मागोमाग

"काका, त्या दिवशी धुक्यात आमच्या गाडीपुढे कोण चालत होतं?"

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी लावली होती. मी दहावीत आहे आणि हल्ली मी कुणालाही घाबरत नाही. भूमितीच्या बाई सोडून. म्हणून गेल्या रविवारी काका घरी आल्या आल्या विचारून टाकला.

काका हसले. "मीच की गं, बाळ. आणखी कोण असणार?"

बाबा पाणी आणायला आत वळले. तेवढ्यात काका माझ्या कानाशी वाकले...

"आणि मागे कोण होतं, ते नाही विचारायचं?"

मागच्याबद्दल मी त्यांना एका शब्दाने कधी बोललेले नाही.

आता सगळं सांगते. खोटं वाटलं तर वाटू दे. मी त्या गाडीत होते.

काका म्हणजे बाबांचे बालवाडीपासूनचे मित्र. तरुणपणी दोघं मिळून एकच टेम्पो चालवायचे, लोकांचं फर्निचर घरोघर पोचवायचे. आता दोघांची वेगवेगळी दुकानं आहेत, पण दर हिवाळ्यात दोन दिवस गाडी काढून भटकायला जायचंच. "निघाली जोडगोळी!" आई म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात मी हट्टच धरला. बाबा नको म्हणत होते.

"येऊ दे रे मिरचीला," काका म्हणाले. "तुझं घोरणं ऐकण्यापेक्षा हिची बडबड परवडली."

मिरची म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घाटात होतो. गप्पा, गाणी, थर्मासातली कॉफी, सगळं मजेत चाललं होतं. एका वळणानंतर धुकं आलं.

आलं म्हणजे... रस्ताच पुसला गेला.

"चल लेका, टॉवेल काढ," बाबा म्हणाले.

ही त्यांची टेम्पोच्या दिवसांतली पद्धत. एकाने पाठीवर पांढरा टॉवेल टाकून रस्त्याच्या कडेने पुढे चालायचं. दुसऱ्याने दिव्यांच्या उजेडात टॉवेल बघत गाडी हळूहळू मागून न्यायची. चालणाऱ्याने मागे बघायचं नाही, नाहीतर कड सुटते. त्याने हात वर केला तरच गाडी थांबवायची. एरवी नाही, कारण मधेच थांबलं तर मागची गाडी येऊन धडकते.

काका उतरले. जाता जाता मला म्हणाले, "मिरचे, बाबावर लक्ष ठेव. माझ्या अंगावर गाडी घालायची संधी शोधतोय, तीस वर्षं झाली."

आम्ही निघालो. काका चालत होते. टॉवेल डुलत होता.

मग टॉवेल दिसेनासा झाला.

एक क्षणभरच. बाबांचा पाय ब्रेककडे गेला, तोच तो पुन्हा दिसला. तसाच डुलत. बाबांनी श्वास सोडला.

थोडं पुढे गेलो असू...

"अरे ए! थांब की!"

आवाज मागून आला.

"लेस बांधतोय मी! मला सोडून कुठे चाललास?"

मी मागच्या काचेतून पाहिलं. नुसतं पांढरं.

"बाबा, काका मागे आहेत!"

"काका पुढे आहेत. दिसत नाहीत का तुला?"

"मग ओरडतंय कोण?"

"घाटात आवाज फिरतो. गप्प बस."

पण त्यांच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं, की बोटं पांढरी पडली होती.

"मिरचे!" आता आवाजात धाप होती. धावणाऱ्या माणसाची. "बाबाला थांबव गं! मला काही दिसत नाहीये!"

मी बाबांचा खांदा हलवला. रडले. बाबांनी टॉवेलवरची नजर काढली नाही.

पुढच्या माणसाने हात वर केलाच नाही.

आवाज लांब गेला. आणखी लांब...

मग आलाच नाही.

धुकं विरळ झालं, तसा पुढचा माणूस थांबला. त्याने बॉनेटवर टकटक केली, दार उघडलं आणि बाबांच्या शेजारी बसला. काकाच होते. तोच चेहरा, तोच स्वेटर.

"सुटलो बाबा," ते म्हणाले.

थंडीत आमच्या श्वासांनी काचा आतून धुरकट झाल्या होत्या. बाबांच्या बाजूची, माझ्या बाजूची.

त्यांच्या बाजूची काच... घरी पोचेपर्यंत स्वच्छ होती.

त्या दिवसापासून काका दर रविवारी नेमाने येतात. बुद्धिबळ खेळतात. पूर्वी बाबांचं लक्ष नसलं की घोडा सरकवायचे आणि पकडले गेले की दोघं शाळेतल्या पोरांसारखे भांडायचे. आता काका नियमाने खेळतात. हरतात. मला 'बाळ' म्हणतात.

काकू एकदा स्वयंपाकघरात आईला हळूच म्हणाल्या, "वहिनी, हे झोपले की मी जागी राहते. श्वास चाललाय का, ऐकत बसते."

"मग? ऐकू येतो?"

काकूंनी नळ सोडला आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवायला घेतले.

आणि बाबा? परवा टीव्ही बघता बघता मधेच म्हणाले, "माझ्या बालपणीच्या मित्राला मी ओळखणार नाही का?" त्यांना कुणी काही विचारलंही नव्हतं. मला तेव्हा कळलं, की बाबांनाही सगळं माहीत आहे. पण ते कबूल करणार कसं? केलं, तर त्या घाटात आपण कुणाला सोडून आलो, हेही कबूल करावं लागेल.

मैत्रिणींना वाटतं, मी पैज जिंकले. रविवारपासून मला झोप नाही. डोळे मिटले की धाप ऐकू येते.

आता पुन्हा हिवाळा आलाय. सकाळी आमच्या गल्लीतसुद्धा थोडं धुकं असतं.

काल जेवताना मी ताट बाजूला सारलं.

"आई, बाबा, मी ठरवलंय. शनिवारी मी त्या घाटात जाणार. बाबा, तुम्ही आलात तर तुमच्याबरोबर, नाहीतर बसने. काका सापडणार नाहीत, माहितेय मला. वर्ष झालं. पण त्यांनी आपल्याला एवढ्या हाका मारल्या आणि आपल्यापैकी कुणीच ओ दिली नाही. मी ओ देऊन येणार आहे."