पार्सल बंद, तिनोला चालू

"मेली ही अ‍ॅलर्जी!" मेन्यू वाचता वाचता मी पुटपुटले, तर काउंटरपलीकडून उत्तर आलं, "कसली हो?"

दुबईत, सतव्यातल्या फिलिपिनो हॉटेलात मराठी! मी दचकून वर पाहिलं. हातात झारा, कपाळावर घाम आणि डोळ्यांत हसू. नाव बाबाजी, वय जेमतेम अठ्ठावीस. मालवणचा हा पोरगा फिलिपिनो मालकिणीच्या हाताखाली सगळं शिकला होता.

ऑफिसातल्या मैत्रिणींनी मला या जेवणाची चटक लावली आणि डॉक्टरांनी ती तोडली. हिस्टामिन वाढतं म्हणे. सिरका बंद, सोया सॉस बंद, फिश सॉस बंद, शिळं तर अजिबात नाही. नाहीतर मानेवर गांधी उठायच्या.

"सिरक्याशिवाय अदोबो?" तो हसला. "म्हणजे मिठाशिवाय लोणचं की!"

"जमत नसेल तर सांगा."

"जमत नाही कोण म्हणालं, मॅडम?"

आणि जमवलंन् की! अदोबोच्या कोंबडीला सिरक्याऐवजी नारळाचं दूध, हळद, लसूण. तिनोला तर थेट आपल्या घरची वाटावी... पातळ रश्शात कोंबडी, आलं, कच्ची पपई, शेवग्याचा पाला आणि फिश सॉसच्या जागी नुसतं मीठ. रोज संध्याकाळी मी पार्सल घेऊन शारजाला घरी जायची. जेवायची. आणि रोज गांधी!

मी चिडायची, तो आणखी काहीतरी काढून टाकायचा. मिरी गेली, कांदा गेला.

"आता पाणी आणि मी, दोघंच उरलोय," तो एकदा म्हणाला.

"त्या दोघांचं पथ्य नाही मला," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

मग एका बुधवारी तो हसलाच नाही. "समिधा मॅडम, शनिवारी रुवैसला जातोय. कंपनीच्या गेस्ट हाउसात कुक."

रुवैस! वाळवंटातून तीन-साडेतीन तास. "अभिनंदन," मी म्हटलं, पण पिशवी काही उचलवेना.

तो येरझारा घालत होता. "जायच्या आधी हे कोडं सुटायला हवं. इथून गेल्यावर जेवता किती वेळानं?"

"शारजाचा ट्रॅफिक! दोन तास. काल अडीच."

त्यानं कपाळावर हात मारला. "अहो, मग शिळंच झालं की ते! आणि मी येडा कांदा काढत बसलोय! पार्सल खलास. बसा इथंच."

चुलीवरची तिनोला थेट ताटलीत आली. मी जेवले आणि दोघंही घड्याळाकडे बघत बसलो. दर पाच मिनिटांनी तो विचारायचा, "खाज?"

"नाही."

"मान बघू..."

मी केस बाजूला घ्यायची आणि काळीज नुसतं उड्या मारायचं. तास झाला. एक गांध नाही! मला रडूच फुटलं.

"आता रडता कशाला?"

"मग काय करू? चुलीपाशी बसून खायचं पथ्य माझं, आणि चूल निघाली रुवैसला!"

तो फडकं पिळत राहिला. कोरडंच होतं ते. "तिथं... लग्न झालेल्यांना क्वार्टर मिळतं. मी फॉर्मवर बॅचलर लिहिलंय. पण उद्यापर्यंत... बदलता येतं."

माझ्या कानांपासून मानेपर्यंत आग पसरली. बाबाजी पांढराफटक. "अरे देवा, उठलं! पाला जुना होता का? की आलं—"

"वेड्या, हे जेवणानं नाही झालेलं!" अहोजाहो कधी गळालं ते कळलंच नाही. "आण तो फॉर्म इकडे. बायकोचं नाव मीच लिहिते."