काजळाची डबी

पुन्हा सांगायला लावता. मागं सांगितलं तेव्हा खोटा ठरलो, आता चहा पाजून विचारता. सांगतो, पण मधी बोलायचं नाय. दम राहिला नाय आता.

माझी धाकटी बहीण द्वारकाबाई, पुंडलिकनगरला राहते. तिच्या लेकाला, सत्यमला, लेकरू झालं. जन्मल्यापासून रडलं नाय, डोळं उघडलं नाय. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेलं, नळीतून मशीन श्वास भरायचं. वैदेही डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, मेंदू गेलाय, हे बरं होणार नाय, मशीन काढून आईच्या कुशीत द्या. कोणी व्हय म्हणंना, कोणी नाय म्हणंना. द्वारका म्हणायची, जीव देवानं दिला, तोच नेईल. मशीन काढणं म्हणजे आपल्या हातानं मारणं.

मी म्हणालो, "देव केव्हाचा हात पुढं करून उभा हाय. आपणच लेकरू ओढून धरलंय."

तिनं मला यमाचा भाऊ म्हटलं. मी म्हटलं, मग यम तूच की.

शेवटी तिनं अट घातली. पाचवीला सटवी येते, लेकराच्या कपाळावर नशीब लिहिते. ते लिहून होऊ द्या, मग बघू. पाचवीच्या दिवशी पूजेचं सामान आणायला मला औरंगपुऱ्यात पिटाळलं. हळद, सुपारी, खोबरं, काजळाची डबी. डबीवर दुकानातलं प्लास्टिक घट्ट चिकटवलेलं होतं, तेवढं ध्यानात ठेवा.

येताना दिवेलागण झाली. शेअरिंग रिक्षात शेजारी एक बाई बसलेली, तोंडावर पदर. ओवा-शेपांच्या धुरीचा वास येत होता, बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा. रिक्षा खडखडत होती, तरी तिचं हळू बोलणं माझ्या कानात नीट येत होतं.

"पाचवी हाय ना, दादा?"

"व्हय."

"रोज येते मी... दारातनंच माघारी जाते. ते मशीन चालू असलं की... आत जाता येत नाय."

मी मशीनचं नाव काढलं नव्हतं.

"पाय लई दुखतात आता..." ती म्हणाली.

दवाखान्यापाशी मी उतरलो, ती उतरली नाय. पण जिन्यात तोच वास माझ्या पुढं पुढं चाललेला.

वर जाऊन सगळं सांगितलं. द्वारका साऱ्यांसमोर म्हणाली, "मशीन काढायला देवीच्या नावानं खोटं बोलतोस? पांढऱ्या केसांची तरी लाज ठेव, दादा."

सत्यमची बायको दीपमाला कोपऱ्यात बसलेली. इतक्या दिवसांत तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "मामा, बाईचे पाय दुखत होते ना?"

"व्हय."

"मग किती येरझाऱ्या घालायला लावायच्या तिला... द्या त्याला माझ्या मांडीवर."

सत्यमनं मान हलवली. नर्सनं पूजेच्या सामानाची पिशवी बाहेर चपलांपाशी ठेवायला लावली. मशीन बंद झालं, अन् अशी शांतता पडली की कानाला टोचावी. लेकरू मांडीवर पडलेलं... अन् हसलं. झोपेतलं लेकरू सटवी हसवते म्हणतात. एसीच्या खोलीत धुरीचा वास दाटला. डॉक्टरीणबाईंनी पण मागं वळून पाहिलं. मग ते हसणं हळूहळू विझलं.

सकाळी मातीला द्यायच्या आधी टोपडं काढलं, तर कपाळावर काजळाची बारीक रेघ. डबी पिशवीतच होती, प्लास्टिक शाबूत. द्वारकानं रेघ बघितली, माझ्याकडं बघितलं, अन् पदराला थुंकी लावून पुसायला लागली. निघंना. तशीच मातीत गेली.

डबी घरी आणून मी तिचं प्लास्टिक फोडलं. काजळात बोट फिरल्याची खूण. अंगठ्यानं सारखी केली, झाकण लावून फळीवर ठेवली.

आता दीपमालाला पुन्हा दिवस गेलेत. परवा डबी उघडली, तर आत ताजी खूण... बोट नुकतंच उचलल्यासारखी.

सत्यम येऊन पाया पडून गेला. ती खूण दाखवावी असं एकच माणूस हाय, पण आधी त्यानं माझी माफी मागावी. माझी सख्खी बहीण, द्वारकाबाई.