बाबांचा चेहरा

"नाही पाहत मी! त्याईच्या तोंडावरचे खड्डे पाहू का?" इंदुताईंनी भिंतीकडे तोंड फिरवले ते फिरवलेच...

बोरी अरबच्या त्या घरात विठ्ठलरावांचा देह पांढऱ्या चादरीखाली विसावला होता, अंगणात तिरडी बांधून तयार होती आणि नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली त्यांची लेक वैष्णवी आईच्या पाठीमागे अपराध्यासारखी उभी होती. पहाटे बाबांचा श्वास थांबला, तेव्हा फुटणारा हुंदका आवरून तिनेच पंखा बंद केला, पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवला, यवतमाळच्या नेत्रपेढीला फोन लावला. नवऱ्याची इच्छा म्हणून इंदुताईंनी मान हलवली खरी. पण डॉक्टर येऊन गेले आणि त्यांच्या काळजाने ठाव सोडला. "सख्ख्या पोरीनं बापाले आंधळं केलं!" चारचौघींत त्या बोलल्या... आणि वैष्णवी काही सांगू लागली, की कानांवर हात ठेवू लागल्या.

कॉलेजात मॅडमनी विचारले होते, नेत्रदान कोण कोण करेल? सगळा वर्ग हात वर करून मोकळा! "आणि घरच्यांचं?" म्हटल्याबरोबर सगळे हात खाली, वैष्णवीचाही. सुट्टीत तिने हे सांगितले, तेव्हा बाबा पोट धरून हसले होते. "तुहा हात खाली गेला ना? मंग माहा वर समज!"

"चला, उशीर होऊन राह्यला," भगवानकाका अंगणातून म्हणाले.

आता आईने पाहिले नाही, तर ते नसलेले खड्डे तिला जन्मभर दिसत राहतील! वैष्णवीने आईचे पायच धरले. "माह्यासंग जन्मभर बोलू नको, माय... पण एकडाव बाबाले पाह्य वं!" आणि तिने चादर बाजूला केली.

इंदुताई वळल्या... आणि पाहतच राहिल्या. कुठले खड्डे! दुपारी जेवून आडवे झाल्यावर दिसायचे, तस्से शांत, तृप्त विठ्ठलराव!

"बुबुळावरचा पातळ पडदा तेवढा घेतला, माय."

"मंग आधी काहून नाही सांगितलं वं?"

"सांगून तं राह्यली होती... तू ऐकतच नव्हती."

इंदुताईंनी त्या पापण्यांवरून हात फिरवला, तोच हात लेकीच्या डोक्यावर ठेवला, आणि सकाळपासून छातीत अडकलेला हंबरडा एकदाचा फुटला. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, अगदी मोकळ्या होईस्तोवर रडल्या!

तिरडी उचलली गेली. दाराच्या चौकटीला धरून उभ्या असलेल्या इंदुताई लेकीच्या कानाशी पुटपुटल्या, "तुह्या मॅडमनं घरच्याचं पुन्हा इचारलं, तं हात खाली नको घेऊ, बाई. मी आहो ना."